हमखास दिसणारा व्हेल शार्क मला नको आहे

मार्चमध्ये आम्ही चौघं फिलिपिन्सला निघालोय, व्हेल शार्क हा जगातला सगळ्यात मोठा मासा बघायला. चौघांनीही समुद्राखाली पहिल्यांदा डोकं घातलं ते मालवणला, मग कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला जाऊन रीतसर डायव्हिंगचा कोर्स केला. तेव्हापासून हे स्वप्न आहे. बेत सांगितला की डायव्हिंगवाले मित्र एकच नाव घेतात: ओस्लोब. "सेबूला उतरा, गाडीने तीन-चार तास, सकाळी सहाला पाण्यात. शंभर टक्के दिसणार."

तिथे आम्ही जाणार नाही. ग्रुपवर बराच वाद झाला, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

ओस्लोबला व्हेल शार्क हमखास दिसतो, कारण त्याला तिथे रोज खायला घालतात. 2011च्या सुमारास हे सुरू झालं. छोट्या होडीतून कोळी मूठमूठ बारीक कोळंबी टाकतात आणि मासा तोंड वर करून होडीमागे फिरतो. बाजूला लाइफ जॅकेट घातलेले शेकडो पर्यटक. हा मासा मुळात भटका. प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, जिथे दाटतील तिथे शेकडो किलोमीटर पोहत जाणारा. ओस्लोबला मात्र काही मासे महिनोन्महिने एकाच किनाऱ्याला चिकटून राहिल्याच्या नोंदी आहेत. त्यांच्या अंगावर होड्यांना घासल्याचे, दोरांचे, इंजिनाच्या पंख्याच्या पात्यांचे व्रण आहेत. होडी म्हणजे खाऊ, हे एकदा डोक्यात बसलं की तो मासा दुसऱ्या किनाऱ्यावर इंजिनाच्या होडीजवळही तसाच जाणार. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते.

तिथल्या कोळ्यांना मी दोष देत नाही. जाळ्यावर कसंबसं भागवणाऱ्या घरांत या पर्यटनामुळे पैसा आला, मुलं शिकली. माझं म्हणणं आपल्याशी आहे. तिकीट काढणारे आपण असतो, आणि "हमखास" हा शब्द आपणच मागतो.

हे लिहिताना मला सारखं वेरावळ आठवतं. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर एकेकाळी हा मासा सर्रास मारत. गळाला रिकामी पिंपं बांधून त्याला दमवायचे, म्हणून त्याचं नावच 'बॅरल' पडलं होतं. यकृताचं तेल होड्यांना चोपडायला जायचं. 2001मध्ये तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आला, पण नुसत्या कायद्याने समुद्रात काय होणार? 2004पासून तिथे त्याला वाचवायची मोहीम सुरू झाली आणि रामकथाकार मोरारी बापूंनी गावोगावी सांगितलं, ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. नाव ठेवलं 'व्हाली', म्हणजे लाडकी. त्यानंतर त्याच कोळ्यांनी स्वतःची जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडून दिले. आपल्या महाराष्ट्रातही 2018पासून संरक्षित प्राणी सोडवताना जाळं फाटलं तर सरकार 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं. पण त्या दिवसाची मासळी गेली ती गेलीच. इतकं सोसून जो मासा ही माणसं समुद्रात परत सोडतात, त्याला मी दाणे टाकून अंगणात बोलवायचं? मला नाही जमणार.

म्हणून आम्ही दोन्सोल निवडलं. लुझोन बेटाच्या दक्षिण टोकाकडचं गाव. मनिलाहून विमानाने लेगाझ्पी, पुढे रस्त्याने. स्थानिक लोक माशाला 'बुतांदिंग' म्हणतात. 1998पासून तिथे नियम आहेत: एका माशाजवळ एकच होडी, पाण्यात सहाच माणसं, अंगापासून तीन मीटर आणि शेपटीपासून चार मीटर लांब. हात लावायचा नाही, फ्लॅश नाही. खायला घालणं तर नाहीच. आणि ऐका, स्कूबाचा, म्हणजे पाठीवरचा हवेचा सिलिंडरही नाही! फक्त मास्क, स्नॉर्केल (श्वासाची नळी) आणि फिन्स. एवढं डायव्हिंग शिकलो ते कशाला, असं एकाने विचारलंच. पण व्हेल शार्क खातो पृष्ठभागाजवळ, त्याला वरूनच बघायचं असतं. स्कूबाची हौस जवळच्या तिकाओ बेटाकडे भागवू, तिथे मांटा रे हे पंखासारखे पसरट मासे येतात.

पाणी निळंशार नसतं हेही आधीच सांगून ठेवते. प्लवकाने ते हिरवट, गढूळ दिसतं आणि मासा येतो तो त्या गढूळपणासाठीच. इन्स्टाग्रामवरचा फोटो मिळणार नाही. पण माशाच्या डाव्या बाजूचा, कल्ल्यांच्या मागचा फोटो स्वच्छ आला तर त्याचा खरा उपयोग आहे. प्रत्येकाच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते आणि आकाशातले तारे जुळवायच्या पद्धतीवरून बेतलेल्या सॉफ्टवेअरने संशोधक त्यावरून एकेक मासा ओळखतात. कुठल्या देशात, कोणत्या वर्षी दिसला होता, हेही त्यातून कळतं.

हंगाम साधारण नोव्हेंबर ते जून, त्यात फेब्रुवारी ते मे चांगला. तरीही एखाद्या वर्षी मासे खूपच कमी येतात. त्यामुळे एकाऐवजी सलग चार सकाळी होडीसाठी ठेवल्यात. तिकाओची डाइव्ह मध्येच उरकायची, कारण स्कूबानंतर परतीच्या विमानाआधी निदान 18 तास जाऊ द्यावे लागतात. चारही सकाळी काही दिसलं नाही तर मायॉन ज्वालामुखी बघून घरी येऊ. पुढच्या वर्षी मालदीवच्या दक्षिण आरी अटॉलसाठी (प्रवाळ बेटांचं कडं, तिथेही व्हेल शार्क दिसतो) पैसे साठवायला सुरुवात करायची, हे चौघांचं ठरलंय.

दोन्सोलला जाऊन आलेलं कुणी असेल तर मार्चमधल्या वाऱ्याबद्दल आणि मुक्कामाबद्दल नक्की सांगा. ओस्लोबचे फोटो मात्र पाठवू नका.