ग्रहण समितीवर निवड झाल्याबद्दल अभिनंदन

कॅन्सस नाहीतर आर्कान्सासमधल्या आठ-नऊ हजार वस्तीच्या गावात पंधरा वर्षं काढून, प्रत्येक पॉटलकला समोसे नेऊन, शेजाऱ्याच्या कुत्र्याला न चुकता नावाने हाक मारून अखेर तुम्ही गावाचे झालात. 12 ऑगस्ट 2045 ला कॅलिफोर्नियापासून फ्लोरिडापर्यंत खग्रास सूर्यग्रहणाची जी सावली जाणार आहे ती तुमच्या गावावरून जाते, आणि तिच्या स्वागतासाठी नेमलेल्या समितीवर तुम्हाला घेतलंय. हातात बराच वेळ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. फिरत्या शौचालयांची ऑर्डर तरीही शेवटच्या आठवड्यातच जाणार आहे.

तुम्हालाच का घेतलं, हे एव्हाना लक्षात आलं असेल. खगोलशास्त्राचा इथे काही संबंध नाही. तुम्ही भारतातले, म्हणजे जन्मतःच गर्दीतले तज्ज्ञ. पहिल्याच सभेत अध्यक्षीणबाई चष्मा नाकावर सरकवून विचारतील, "तुमच्याकडे कोट्यवधी माणसं एका नदीवर येतात म्हणे. तुम्ही हे सगळं कसं करता?" कुंभमेळा तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलाय आणि वारीतला तुमचा सहभाग म्हणजे पालखी पुण्यात असताना लक्ष्मी रस्ता बंद म्हणून केलेली कुरकुर, हे तिथे बोलू नका. डोळे मिटून मान हलवा. पाश्चात्त्य माणूस त्याला अनुभव समजतो.

पहिला विषय, माणसं किती येणार? याची पद्धत ठरलेली आहे. मोटेलवाला दहा हजार म्हणतो, कारण त्याला खोलीचं भाडं पाचपट करायचंय. शेरिफ पंचवीस हजार म्हणतो, कारण त्याला नवी गाडी हवी आहे. व्यापारी मंडळ पन्नास म्हणतं. मग कोणीतरी तुमच्याकडे पाहतं. तुम्ही शांतपणे "एक लाख" म्हणा. ओरेगनमधल्या मॅड्रस गावाने 2017 च्या ग्रहणाला हाच आकडा धरला होता. वस्ती सात हजारांच्या आत, तयारी लाखाची आणि सावली दोन मिनिटांची. (गावाचं नाव मद्रासी कापडाच्या ठाणावरून पडलं असं सांगतात. म्हणजे गर्दीचा अनुभव नावातच आला होता.) तिथल्या धावपट्टीवर शेकडो छोटी विमानं येऊन उभी राहिली, आणि जवळच्या प्राइनव्हिलकडून एका उत्सवाला निघालेल्या गाड्यांची रांग तर ग्रहणाच्या चार दिवस आधीच मैलोगणती लागली. ग्रहण सोमवारी होतं. तुमचं शनिवारी आहे. काय ते समजा.

दुसरा विषय बारशाचा. सावली जिथून जाते त्या गावाला जुन्या नावाने राहता येत नाही. केंटकीतल्या हॉपकिन्सव्हिलने त्या वर्षी स्वतःला 'एक्लिप्सव्हिल' म्हणवून घेतलं आणि त्यांचं नशीब बघा. ग्रहण 21 ऑगस्टला आणि शेजारच्या केली वस्तीतल्या शेतावर परग्रहावरची बुटकी माणसं उतरल्याची प्रसिद्ध आवई 21 ऑगस्ट 1955 ची. त्या हिरव्या बुटक्यांचा उत्सव तिथे दरवर्षी भरतोच. एकाच मुहूर्तावर सूर्य, चंद्र आणि मंगळवासी! आपल्याकडच्या एखाद्या देवस्थानाला असा योग मिळाला असता, तर दुसऱ्या दिवशी भक्तनिवासाची पायाभरणी झाली असती. तिकडे इलिनॉयमधल्या कार्बनडेलच्या परिसराने 'सर्वांत लांब खग्रास आमच्याकडे' म्हणून पाटी लावली. हॉपकिन्सव्हिलचं म्हणणं 'सर्वोच्च बिंदू आमच्याकडे'. दोन्हीकडच्या अंधारातला फरक सेकंदभराचाही नाही. तुमच्या गावाकडे यांतलं काही नसेल, तर 'ग्रहणाला सर्वांत सोयीचं पार्किंग' असं छापा. टी-शर्ट मात्र 'लार्ज'च्या खाली काढू नका, आणि तारीख छापू नका. उरणारच आहेत.

आता मुद्द्याचं बोलू, म्हणजे आणीबाणीचं. यात संकट यायची वाट बघायची नसते. 2024 च्या 8 एप्रिलच्या ग्रहणासाठी टेक्सासच्या बेल काउंटीने आपत्ती आधीच जाहीर करून टाकली. कॅनडाच्या नायगारा भागानेही मार्चअखेरीस आणीबाणी पुकारली. दहा लाख माणसं येतील, असं तिथले महापौर सांगत होते. ओक्लाहोमाने आपल्या एका कोपऱ्यासाठी नॅशनल गार्ड बोलावलं. हसू नका, यात शहाणपण आहे. रस्ते तुंबले की रुग्णवाहिका अडते, पेट्रोल संपतं, फोन बंद पडतात, आणि बाहेरून मदत मागायची तर कागद आधी तयार लागतो. आपण मात्र अशा समाजातून आलोय जिथे आपत्ती आधी येते, पंचनामा नंतर होतो आणि जाहीर करायचं राहूनच जातं. त्यामुळे पंचांगात तास-मिनिटांसकट दिलेल्या आपत्तीवर सही करताना तुमचा हात थोडा थरथरेल. थरथरू द्या.

फोनवरून आठवलं. तिसऱ्या की चौथ्या सभेत शेरिफ विचारेल, "काऊ मागवली का?" दचकू नका. चाकांवर उभ्या केलेल्या मोबाइल टॉवरला, म्हणजे 'सेल ऑन व्हील्स'ला, इकडे आद्याक्षरांवरून काऊ म्हणतात. एका रात्रीत आलेल्या हजारो माणसांनी एकाच मिनिटाला काळ्या सूर्याचा हललेला फोटो आईला पाठवायचा म्हटलं, की गावाचा नेहमीचा टॉवर मान टाकतो. मग कंपनी तात्पुरती गाय पाठवते. ग्रहणात गोदानाचं पुण्य मोठं आहे, हे तुम्ही सभेत सांगून पाहा. कार्यवृत्तात कसं येतं ते मला कळवा.

पार्किंगसाठी शेतं लागतील. ऑगस्टात मका उभा असतो, त्यामुळे मक्यावाला हात जोडेल. गव्हाची कापणी जूनमध्येच उरकलेली असते, म्हणून गव्हाचा शेतकरी एका गाडीला वीस डॉलर घेऊन तुम्हाला आत सोडेल. वाळलेल्या धसकटावर तापलेला सायलेन्सर टेकला की काय होतं, हे अग्निशमन दलाचा माणूस प्रत्येक सभेत सांगेल आणि प्रत्येक सभेत त्याचा विषय शेवटचा असेल. कुंपणाशी उभं राहून नोटा घेणाऱ्या पोरांना मी एक आरोळी शिकवणार होतो. आमच्या लहानपणी ग्रहण सुटताना गल्लीतून ऐकू यायची, 'दे दान, सुटे गिराण'. वीस डॉलर दिल्याखेरीज इथेही काही सुटत नाही.

आणि आता तो विषय, जो कुठल्याही समितीच्या पत्रिकेवर नसतो. माणसं परत कशी जाणार?

येणारी माणसं तीन दिवसांत थोडी थोडी येतात. कोणी गुरुवारी तंबू ठोकतं, कोणी पहाटे चारला पोचतं. म्हणून सगळ्या समित्या येण्याची व्यवस्था करतात आणि ती झाली की एकमेकांच्या पाठी थोपटतात. जाताना मात्र सगळेच्या सगळे एकाच क्षणी निघतात, सूर्याची पहिली किनार परत दिसली रे दिसली की. अजून तासभर खंडग्रास चालू असतं, पण त्याच्याकडे ढुंकूनही कोणी बघत नाही. 'लवकर या, जागचे हलू नका, उशिरा निघा' असं ओरेगनने ठिकठिकाणी लिहिलं होतं. ते वाचून प्रत्येकाला वाटलं, बाकीचे उशिरा निघणार, मग आपण आत्ताच निघावं.

हे मी ऐकीव सांगत नाही. 2017 ला आम्ही डेन्व्हरहून वायोमिंगमधल्या ग्लेंडोला गेलो होतो. वस्ती जेमतेम दोनशे. जाताना पहाटे निघून व्यवस्थित पोचलो. गाडीत आम्ही दोघं, पोरगा, आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात आलेल्या माझ्या सासूबाई. वेध लागल्यापासून त्यांच्या पोटात पाण्याचा घोट नव्हता. भडंगाचा डबा, दशम्या आणि दही, प्रत्येकात एकेक तुळशीचं पान घालून मागच्या सीटवर मांडून ठेवलेलं. पावणेबाराच्या सुमारास अंधार झाला. अडीच मिनिटं कोणी काही बोललं नाही, आणि आमच्याकडे असं होत नाही. मग उजाडलं. सासूबाई म्हणाल्या, "चला, ग्रहण सुटलं. घरी जाऊन आंघोळ करते आणि मगच खाते." घर तीन तासांवर होतं. दक्षिणेकडे जाणारा महामार्ग एकच, इंटरस्टेट 25, आणि अख्खं डेन्व्हर त्याच्यावर.

दोन वाजता आम्हाला ग्लेंडोची पाण्याची टाकी दिसत होती. चार वाजताही तीच दिसत होती, फक्त दुसऱ्या बाजूने. पोराने डब्याचं झाकण तीनदा उघडून तीनदा लावलं. सहाच्या सुमारास सासूबाईंनी प्यायच्या पाण्याची बाटली मागितली, खिडकीबाहेर हात काढून चूळ भरली, डोक्यावर चार थेंब घेतले, 'गंगे च यमुने चैव' म्हटलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आण रे ते भडंग." शेजारच्या लेनमधल्या टेक्सन माणसालाही वाटीभर दिलं. त्याची बायको ओरेगनला ठरलेल्या मोटेलवाल्याने जागा ऐन वेळी रद्द केल्याची कहाणी सांगत होती. घरी पोचायला दहा तास लागले.

2024 ला हेच उत्तरेकडे झालं. व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशरमधून बॉस्टनकडे परतणाऱ्यांची रात्र रस्त्यावर गेली. त्यातही व्हरमाँटमध्ये एप्रिल म्हणजे बर्फ वितळून झालेल्या चिखलाचा महिना. 'जीपीएस दाखवतो त्या कच्च्या रस्त्याने घुसू नका' असं आधीपासून बजावलं जात होतं.

तेव्हा समितीत तुमचं खरं काम इथे आहे. वारीचा दाखला द्या. ज्ञानोबांच्या रथापुढे 27 दिंड्या चालतात, रथामागे त्याहून कितीतरी जास्त, आणि प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. कोणी कोणाला ओव्हरटेक करत नाही. समाजआरतीला चोपदाराने दंड वर केला, की लाखभर माणूस गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, तिचं ऐकून घेतात आणि मग आरती होते. सुचवा की प्रत्येक शेताला क्रमांक द्यावा, गाड्या क्रमांकाने सोडाव्यात आणि चौकात एक चोपदार नेमावा. शेरिफ उत्साहाने लिहून घेईल. मग विचारेल, हॉर्न वाजवत राहणाऱ्याला तिकीट द्यायचं की त्याची तक्रार ऐकायची?

ढगांचं विसरलोच. सगळेच विसरतात. 2024 साली हवामानाचे जुने आकडे मांडून लोकांनी टेक्सासला खोल्या घेतल्या, कारण व्हरमाँट-मेनमध्ये एप्रिलात आकाश उघडं मिळायची आशा सर्वांत कमी. झालं उलटं. टेक्सासवर ढग, बर्नेटजवळचा मोठा ग्रहणोत्सव वादळाच्या धास्तीने मध्येच गुंडाळला, आणि मेनमध्ये निरभ्र ऊन. 2017 ला कार्बनडेलच्या स्टेडियमवर हजारो माणसं बसलेली असताना नेमका एक ढग येऊन सूर्यापुढे थांबला. आपल्याकडेही 22 जुलै 2009 ला बिहारमधल्या तारेगणाचं तेच झालं. आर्यभटाचं नाव सांगणारं गाव, नासाने वाखाणलेली जागा, पाटण्याहून मुख्यमंत्री आलेले, हजारोंची गर्दी, आणि वर जुलैचं आभाळ. मुख्यमंत्र्यांनी तिथे बिस्किट खाल्लं, म्हणून पुढे दुष्काळ पडला, असं नंतर विरोधकांनी सांगितलं. तुमच्या समितीला खापर फोडायला निदान बिस्किटाचा पुडा तरी हाताशी ठेवता येईल.

शेवटच्या सभेत, सगळे थकलेले असताना, अध्यक्षीणबाई पुन्हा तोच प्रश्न विचारतील, "पण तुम्ही तिकडे नक्की कसं करता?" आता खरं सांगून टाका. 16 फेब्रुवारी 1980. कर्नाटक, आंध्र आणि ओरिसावरून खग्रास गेलं, मुंबईतही सूर्य बराचसा झाकला. हैदराबादजवळच्या वेधशाळेत शास्त्रज्ञ दुर्बिणी लावून बसले होते. बाकीचा देश दारं-खिडक्या लावून, पाण्यात दर्भ टाकून घरात बसला होता. भरदुपारी रस्ते ओस. एक गाडी नाही, हॉर्न नाही, फिरतं शौचालय नाही. लोकांनी बाहेर येऊन उघड्या डोळ्यांनी वर बघू नये, म्हणून दूरदर्शनने त्या दुपारी सिनेमा लावला होता.

सभेत बराच वेळ शांतता असेल. मग अध्यक्षीणबाई पेनाचं टोपण काढतील आणि विचारतील, "कुठला सिनेमा?"