सोमाली समाज एकजिनसी? मुळीच नाही

‘एक भाषा, एक धर्म, म्हणून एकजिनसी समाज’ हे सोमालियावरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. दक्षिणेतल्या बैदोआ शहराकडचे राहनवेन कुळाचे लोक शेती करतात, ‘माय’ नावाची भाषा बोलतात; उत्तरेतल्या पशुपालकांना ती नीट कळतही नाही. जिबूतीतल्या 2000 सालच्या आर्टा शांतता परिषदेपासून चाललेलं सत्तावाटपाचं 4.5 चं सूत्र बघा. चार मोठ्या कुळांना एकेक वाटा, बांतू या अल्पसंख्याकांसकट बाकी सगळ्यांना मिळून अर्धा. अर्धा!

उत्तरेत स्वतंत्र देश म्हणून वेगळा कारभार करणाऱ्या सोमालीलँडचं लेखातलं कौतुक रास्त आहे. 1993 मध्ये तिथल्या बोरामा गावी कुळांच्या वडीलधाऱ्यांनी महिनोन्‌महिने बसून तोडगा काढला आणि ‘गुर्ती’ या ज्येष्ठांच्या सभागृहाला राज्यकारभारात जागा दिली. पण तिथे वजन इसाक कुळाचं. पूर्वेकडच्या धुलबहांते कुळातल्या अनेकांना हे राज्य आपलं वाटलंच नाही. 2023 मध्ये त्यांच्या भागातल्या लास अनोद शहरात लढाई पेटली, सोमालीलँडचं सैन्य मागे रेटलं गेलं आणि मोगादिशूच्या केंद्र सरकारने तिथल्या एसएससी-खातुमो या स्थानिक प्रशासनाला मान्यता दिली. गंमत म्हणजे 1998 मध्ये स्थापन झालेलं शेजारचं पुंटलँड राज्यही याच भागावर हक्क सांगत आलंय, तेही कुळाच्याच नात्याने. सोमालीलँड मात्र जुन्या ब्रिटिश वसाहतीची हद्द पुढे करतं. लेखकाने हा पेच एका ओळीत उरकलाय, खरा लेख तिथेच होता.