चकाकीवर जाऊ नका

अमेरिकन सोल गायक जेम्स कारच्या, गोल्डवॅक्स या रेकॉर्ड कंपनीने काढलेल्या सिंगल्सवरचा (म्हणजे एकेका बाजूला एकच गाणं असलेल्या छोट्या तबकड्यांवरचा) तुमचा लेख आवडला, पण जुन्या प्रती घेण्याबद्दल त्यात दिलेला ‘तबकडी उजेडात धरा, चकचकीत दिसली की बिनधास्त घ्या’ हा सल्ला चुकीचा आहे. साठच्या दशकातल्या बऱ्याच अमेरिकन ४५ आरपीएम (मिनिटाला ४५ फेरे) सिंगल्स व्हायनल या नेहमीच्या प्लॅस्टिकच्या नव्हत्याच, स्टायरीनच्या होत्या. हे प्लॅस्टिक कडक आणि ठिसूळ. झिजलेल्या सुईने थोड्या वेळा वाजवली तरी ज्या खाचेत गाणं कोरलेलं असतं तिची भिंत खरवडली जाते, आणि वरची चकाकी मात्र तशीच राहते! कारच्या ‘द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट’ या गाण्याची प्रत मी अशीच भुलून घेतली. सुरुवात ठीक, पण कारचा आवाज चढला की प्रत्येक वेळी चरचर. त्या गाण्यात तर सगळा जीव त्या चढलेल्या आवाजातच आहे. फार वाईट वाटलं.

रेडिओ केंद्रांना पाठवलेल्या प्रती तर आणखी जपून घ्या. गाणं नेमकं सुरुवातीपासून लावायला निवेदक सुई टेकवलेली असतानाच तबकडी पुढे-मागे फिरवत, त्यामुळे पहिल्या काही सेकंदांतच फुसफुस भरलेली असते. विकणाऱ्याकडे फोटोऐवजी रेकॉर्डिंग मागा: सुरुवातीचं, आणि शेवटच्या मिनिटाचंही, कारण तबकडीच्या मध्याजवळच्या, आतल्या वळणांवर झीज जास्त ऐकू येते.