हिरवी अंडी, गावरान कोंबडी आणि सिन्नरच्या काकांची हरकत

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. मागाहून येणाऱ्यांसाठी तिचा गाभा आधी सांगते. हिरवी-निळी अंडी देणाऱ्या ईस्टर एगर कोंबड्यांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं असं की ही मुळात जातच नाही, भेसळ आहे. अंड्याचा हिरवा-निळा रंग खाद्यातल्या रसायनाने नाहीतर कसल्याशा विषाणूने येतो. आणि अशी कौतुकं लिहिली की कडकनाथ कोंबडीत पैसे घालून पोळलेले लोक पुन्हा नव्या नावाला फसतात, गावरान मात्र मागे पडते. वडिलांच्या काळापासून दारात कोंबड्या असलेल्या माणसाने हे लिहिलंय, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

रंगाचं आधी घेऊ, कारण ते घरच्या घरी तपासता येतं. हिरवं अंडं फोडा, कवचाच्या आतला पातळ पापुद्रा नखाने सोलून काढा आणि आतली बाजू उजेडात बघा. ती फिकट निळी दिसेल, अगदी एकसारखी. आता तपकिरी अंडं तसंच सोला. ते आतून पांढरं निघतं. कोंबडीच्या पोटात अंड्यावर कवच चढायला साधारण वीस तास लागतात. निळं रंगद्रव्य, बिलिव्हर्डिन, कवच घडत असतानाच त्यात मुरत जातं, म्हणून ते आरपार असतं. तपकिरी रंग शेवटी शेवटी वरच्या थरात बसतो. निळ्या कवचावर तपकिरी चढलं की आपल्याला हिरवं दिसतं. तपकिरी थर जाड असेल तर शेवाळी, पातळ असेल तर पोपटी. वरून रंगवलेल्या पांढऱ्या अंड्यात आतून असा सारखा निळा रंग मिळणार नाही.

खाद्याने बदलतो तो बलक. मका वाढवला किंवा दसऱ्याला उरलेल्या झेंडूच्या पाकळ्या टाकल्या की बलक केशरी होतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. कवचाचा मूळ रंग मात्र कोंबडी जन्मालाच घेऊन येते. एक कोंबडी आयुष्यभर एकाच रंगाची अंडी देते. फार तर हंगाम लांबला की छटा फिकी होते.

विषाणूचं तुम्ही ऐकलंय त्यातही तथ्य आहे, पण ते पूर्ण सांगायला हवं. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी या निळ्या रंगाचं कारण शोधून प्रसिद्ध केलं. फार पूर्वी कोंबडीच्या जनुकांमध्ये एका रेट्रोव्हायरसचा (जनुकांतच शिरणाऱ्या विषाणूचा) तुकडा जाऊन बसला आणि एरवी यकृतात काम करणारं एक जनुक कवच घडवणाऱ्या पिशवीतही सुरू झालं. गंमत म्हणजे हे चिलीतल्या आणि चीनमधल्या कोंबड्यांत वेगवेगळं घडलेलं आहे. तो तुकडा आता आईबापांकडून पिल्लांकडे जातो, तुऱ्याचा आकार जातो तसाच. त्यात संसर्ग नाही, लागण नाही, खाणाऱ्याला काही होत नाही. मानमोडी (राणीखेत) रोगाचा विषाणू आणि हा तुकडा यांना एका पंक्तीत बसवू नका.

आता भेसळीबद्दल. निळ्या अंड्यांच्या कोंबड्या चिलीतल्या मापुचे लोकांकडे पिढ्यान्‌पिढ्या होत्या. १९२१ मध्ये हेगला भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत साल्वादोर कास्तेल्यो या स्पॅनिश प्राध्यापकांनी त्यांची माहिती मांडली आणि जगाचं तिकडे लक्ष गेलं. पुढे अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने १९७६ मध्ये अरौकाना आणि १९८४ मध्ये अमेरौकाना या जातींना मान्यता दिली. त्यांचे नियम कडक आहेत. अमेरिकेतल्या अरौकानाला शेपूट चालत नाही आणि कानाजवळ पिसांचे झुबके लागतात. त्या झुबक्यांचं जनुक दोन्हीकडून आलं तर पिल्लू अंड्यातच मरतं. ईस्टर एगर म्हणजे निळ्या अंड्याचं जनुक अंगात असलेली, पण या नियमांत न बसणारी मिश्र कोंबडी. हे मूळ लेखातही लिहिलं होतं आणि ते तुमच्याइतकंच मलाही महत्त्वाचं वाटतं.

पण मिश्र म्हणून ती खोटी, हे मला पटत नाही. आपली गावरान कुठे एका साच्यातली आहे? कुणाच्या दारात असीलचं रक्त आलं, कुणाकडे गिरिराजाचं, कुणाच्या कोंबडीवर शेजारच्या वस्तीवरचा आरआयआरचा (ऱ्होड आयलंड रेड जातीचा) कोंबडा चढला. तरी तुम्ही तिला गावरान म्हणता, कारण ती कशी चरते, घारीला कशी चुकवते, पिल्लं कशी वागवते हे तुम्हाला माहीत असतं. ईस्टर एगरशीही ओळख अशीच करून घ्यावी लागते, एकेकीशी.

माझ्याकडची मोठी तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, घ्या. गालांवर पिसांचे गुच्छ, हनुवटीखाली दाढी, पाय पाटीच्या रंगाचे, तुरा अगदी बसका आणि तीन ओळींचा. चोचीखालच्या लोंब्या जवळजवळ नाहीतच. लेखातल्या फोटोत हे सगळं छान दिसतं, पण नाशिकच्या उन्हाळ्यात त्याचा अर्थ वेगळा होतो. कोंबडीला घाम येत नाही. ती तुरा आणि लोंब्यांतून उष्णता बाहेर टाकते, नाहीतर चोच उघडी ठेवून धापा टाकते. हिचा तुरा बसका, त्यात गालाला पिसं. निफाडच्या थंडीत असा तुरा चांगलाच, पण एप्रिल-मेमध्ये दुपार झाली की गावरान अजून उकिरडा उकरत असते आणि ही पंख सैल सोडून धापा टाकायला लागते. फार धापा टाकल्या की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवच पातळ पडतं, मग शिंपल्यांचा चुरा कितीही घाला. म्हणून मी खुराड्यावर ओलं गोणपाट टाकते, पाणी सावलीत ठेवते आणि दुपारी दाणे देत नाही. ज्यांच्याकडे झाडाची सावली नाही त्यांनी ही कोंबडी नाशकात पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फसवणुकीची तुमची भीती मात्र शंभर टक्के खरी आहे, आणि इथे आपण दोघं एकाच बाजूला आहोत. आठवडी बाजारात गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं विकली जातात तेव्हा निदान फसवणूक उघड्यावर दिसते. इथे ती दिसत नाही. पिल्लू बघून ते पुढे कोणत्या रंगाचं अंडं देईल हे कुणीही सांगू शकत नाही, त्याच्या अंगावरच्या रंगाचा त्याच्याशी संबंध नाही. उबवायला अंडी घेतली तर साधारण निम्मे कोंबडे निघणार. एखाद्या कोंबडीत निळ्याचं जनुक एकाच बाजूने आलेलं असेल, तर ते तिच्या निम्म्याच पिल्लांत उतरतं. कोंबडा तर अंडी देतच नाही, त्यामुळे त्याच्यात काय आहे हे नुसतं बघून कळत नाही, त्याच्या लेकींनी अंडी घातल्यावर कळतं.

यावर विकणारे तुऱ्याकडे बोट दाखवतात. बसका तुरा असेल तर अंडं निळं, असं सांगतात. अमेरिकेतल्या कळपांत हे बऱ्यापैकी खरं ठरतं, कारण बसक्या तुऱ्याचं आणि निळ्या अंड्याचं जनुक एकाच गुणसूत्रावर जवळजवळ आहेत. पण आपल्याकडे असीलचा तुराही तसाच बसका असतो आणि असीलमध्ये निळ्या अंड्याचं जनुक नसतं. असीलचं रक्त असलेला कुठलाही कोंबडा या खुणेवर ‘निळ्या अंड्याचा’ म्हणून खपवता येईल. काका, पैसे मोजायचेच असतील तर अंडी देत असलेल्या कोंबडीचे मोजावेत, तेही तिचं अंडं खुराड्यात स्वतः पाहून.

आणि निळ्या अंड्यात कोलेस्टेरॉल कमी असतं असं सांगून कुणी जास्त भाव लावत असेल तर सरळ उठून यावं. कवचाच्या रंगाने आतलं अंडं बदलत नाही. कडकनाथचं अंडं काळं असतं असं सांगणारेही आहेतच. झाबुआच्या त्या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं मांस खरंच काळं आहे, पण अंडं फिकट बदामीच असतं.

राहिली गावरान मागे पडण्याची गोष्ट. माझा अनुभव उलटा आहे. ईस्टर एगर खुडूक होईलच, म्हणजे अंडी उबवायला बसेलच, याचा भरवसा नसतो, झाली तरी मध्येच उठून जाते. हिरवी अंडी मी गावरान कोंबडीखालीच बसवते. एकवीस दिवस जागा न सोडणारी आणि नंतर पिल्लांना घारीपासून जपणारी कोंबडी मला दुसरी मिळालेली नाही. गावरान नसती तर माझ्याकडे यांची दुसरी पिढीच झाली नसती.

तुमच्याकडे दिवाळीनंतर एखादी खुडूक बसली तर कळवा, काका. चार अंडी पाठवते, पैसे नकोत. मखमलाबादहून सिन्नरकडे आमचं कुणी ना कुणी जात असतं. आली की दिवसभर हलवू नका, निमुळतं टोक खाली ठेवून स्थिरावू द्या, फ्रिजमध्ये ठेवू नका आणि रात्री अंधारात तिच्याखाली सरकवा. अंडी उजेडावर धरून बघायची घाई करू नका. हिरव्या कवचातून सातव्या दिवशी नीट दिसत नाही, दहाव्या दिवशी पूर्ण काळोखात बॅटरी लावून बघा. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, चुकवू नका. त्यांतल्या तलंगा कोणत्या रंगाची अंडी देतील ते मी आज सांगत नाही. साधारण सहा-सात महिन्यांनी त्या अंड्यावर येतील, तेव्हा तुम्हीच इथे लिहा.