‘आठव्या वर्षापर्यंत लिहिणे-वाचणे बंद’ म्हणणाऱ्या निरोपाविषयी

कोथरूडला राहणाऱ्या माझ्या ताईने गेल्या महिन्यात चार वर्षांच्या भाचीला गल्लीतल्या एका शिकवणीत घातले. तिथे ती मुलगी रोज १ ते १०० आकडे घोटते. कारण विचारले, तेव्हा ताईने नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला निरोप पुढे केला: नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात आठव्या वर्षापर्यंत लिहिणे-वाचणे बंद, मुले नुसती खेळणार, परीक्षा नाहीत, दहावीचे बोर्ड रद्द, एम.फिल. (पीएच.डी.आधीची संशोधन पदवी) बंद.

यातला पहिला मुद्दा धादांत खोटा आहे आणि भाचीच्या बोटांना भोवला आहे तोही हाच. तीन ते आठ वर्षांसाठी, म्हणजे बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी मिळून होणाऱ्या पायाभूत स्तरासाठी, ऑक्टोबर २०२२ मध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला. या स्तरात मुलाला ९९ पर्यंत सुलट आणि उलट मोजता यावे, दोन अंकी बेरीज-वजाबाकी जमावी आणि पहिल्या भाषेत ओघाने वाचता-लिहिता यावे, अशी अपेक्षा त्यात स्पष्ट नोंदवली आहे. लिहिणे बंद करणारा अभ्यासक्रम असा असतो काय?

तीन ते सहा वयाच्या मुलांना पाठ्यपुस्तक नको, असे मात्र आराखडा म्हणतो. या पहिल्या मुद्द्यात खरे म्हणावे असे एवढेच सापडले. पण पुस्तक नाही म्हणजे शिकणे नाही, हा अर्थ कुठून काढला? चिंचोके मोजताना एका चिंचोक्याला एकच आकडा म्हणायचा असतो, हे मुलाला हाताने कळते. ते कळण्याआधी शंभरापर्यंतचा घोष पाठ असला, तरी वाटीत सात चिंचोके आहेत की नऊ, हे त्याला सांगता येत नाही. कणीक मळण्याने आणि मणी ओवण्याने बोटांत जो जोर येतो, त्यावरच पुढे पेन्सिल नीट धरली जाते. हे कोणी दिल्लीत बसून नव्याने शोधलेले नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम उभे केले, ते आसपासच्या वस्तू आणि मुलांचा खेळ हाताशी धरूनच.

परीक्षांचे म्हणाल, तर या वयात चाचण्या आणि परीक्षा अयोग्य आहेत, असे आराखडा सांगतो, हे मान्य करतो. त्याऐवजी शिक्षकांनी मुलाचे निरीक्षण करून नोंदी ठेवायच्या आहेत, आणि चाळीस मुलांच्या वर्गात ते सोपे नाही, ही तक्रार निरोपात असती तर मी सही केली असती. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा चालूच राहतील, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिले आहे. एम.फिल. खरोखरच बंद झाले. बालवाडीतल्या मुलीच्या आईने त्याची काळजी का करावी, हे निरोप लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

ताईला हे सगळे पटले आहे. शिकवणी तरीही चालू आहे, कारण तीन महिन्यांची फी आगाऊ भरलेली आहे.