जोडण्या मोजायच्या की विजेचे तास?

नाशिकहून येणाऱ्या बातम्यांत सध्या कृषिपंपांच्या मोफत विजेवर वाद रंगतो. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल सरकार भरते, ते योग्य की अयोग्य? मी राहतो त्या केनियात वाद आहे तो परदेशी मदतीचा. जागतिक बँक आणि आफ्रिकन विकास बँक यांनी २०३० पर्यंत आफ्रिकेतील ३० कोटी लोकांना वीज देण्याचा संकल्प केला आहे. हा पैसा सार्थकी लागतो का, हे ठरवायचे कसे?

केनियाने २०१५ मध्ये याच बँकांच्या कर्जातून ट्रान्सफॉर्मरपासून सहाशे मीटरच्या आतील घरांसाठी जोडणीचे शुल्क ३५ हजार शिलिंगांवरून १५ हजारांवर आणले. जोडण्या भराभर वाढल्या. परंतु अर्थतज्ज्ञ केनेथ ली, एडवर्ड मिगेल आणि कॅथरीन वोल्फ्राम यांनी पश्चिम केनियातील दीडशे वस्त्यांत केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, जोडणी फुकट मिळालेल्या कुटुंबांचाही वापर अगदी थोडा राहिला आणि पहिल्या दोन-अडीच वर्षांत त्यांच्या राहणीमानात फारसा फरक पडला नाही. उपकरणे घ्यायला पैसे नव्हते, आणि काही वस्त्यांत बिघडलेला ट्रान्सफॉर्मर कित्येक महिने दुरुस्तच झाला नाही.

यावरून मदत वाया गेली असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आरोग्य केंद्रातील लसींचा फ्रिज किंवा रात्रीचे बाळंतपण यांचे मोल घरच्या मीटरवर उमटत नाही. चूक आहे ती मोजमापात, आणि ती आपणही केली आहे. आपल्याकडे भारतात दहा टक्के घरांत वीज आली की गाव विद्युतीकृत ठरत असे. त्याच निकषाने एप्रिल २०१८ मध्ये देशातील सर्व गावे विद्युतीकृत झाल्याचे जाहीर झाले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या, घरोघरी वीज देण्याच्या ‘सौभाग्य’ योजनेने गावांऐवजी घरे मोजली, हे चांगलेच झाले. पण सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर पावसाळ्यात किती तास वीज टिकते, हे त्या आकड्यांत कुठेच नव्हते. दिंडोरी-निफाडच्या शेतकऱ्यालाही बिबट्याच्या भीतीत रात्री पाणी भरावे लागत असेल, तर माफ झालेल्या बिलापेक्षा पंप चालवणारी दिवसाची थ्री फेज वीज त्याला अधिक मोलाची आहे.

म्हणून कर्ज असो वा अनुदान, त्याचा शेवटचा हप्ता जोडण्यांच्या संख्येवर देऊ नये. तीन वर्षांनंतर त्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून वस्त्यांकडे जाणाऱ्या वाहिनीवर, प्रत्यक्ष किती तास वीज मिळाली आणि बिघडलेला ट्रान्सफॉर्मर किती दिवसांत बदलला गेला, यावर तो द्यावा. आणि ही नोंद केनियातील वस्तीत असो वा सुरगाण्याच्या ग्रामपंचायतीत, लोकांना वाचता येईल अशा फलकावर लावावी.