‘आज रात्री गॅमा किरण येणार’ या मेसेजमधला एकेक दावा

‘आज रात्री 12:30 ते 3:30 या वेळेत पृथ्वीजवळून महाभयंकर गॅमा किरण जाणार आहेत. मोबाईल बंद करून शरीरापासून लांब ठेवा. या किरणांमुळे शरीरात रेडिएशन साठलेलं असेल, म्हणून पुढचे सात दिवस एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करू नका. 2004 ची सुनामी याच किरणांमुळे आली होती. नासाला सगळं ठाऊक आहे, पण लपवलं जातंय.’

हा मेसेज माझ्या काकूपर्यंत पोचला आणि डॉक्टरांनी सांगितलेला सीटी स्कॅन तिने फोन करून रद्द केला. मला कळलं तेव्हा तारीख हातची गेली होती. ‘वाचायचं आणि सोडून द्यायचं’ असं मी आजवर अशा मेसेजबद्दल म्हणत आलो, पण आता म्हणवत नाही. ‘कॉस्मिक किरण’ असं नाव घेऊन आणि याच वेळा सांगून हे प्रकरण दहा वर्षांहून जास्त काळ फिरतंय. आता किरणांचं नाव तेवढं बदललंय आणि स्कॅनचं कलम नव्याने जोडलंय.

सुरुवात त्या वेळेपासून करतो, कारण ती एकच ओळ सगळा मेसेज खोटा ठरवायला पुरेशी आहे.

गॅमा किरण म्हणजे प्रकाशच, फक्त प्रचंड ऊर्जेचा. एखादा महाकाय तारा स्वतःच्या वजनाखाली कोसळतो किंवा दोन न्यूट्रॉन तारे (मेलेल्या ताऱ्यांचे उरलेले अतिघट्ट गाभे) एकमेकांवर आदळतात, तेव्हा गॅमा किरणांचा अरुंद झोत बाहेर पडतो. तो झोत नेमका आपल्या दिशेने असला तरच आपल्याला तो स्फोट दिसतो. हे किरण प्रकाशाच्या वेगाने येतात आणि प्रकाशाला मागे टाकून पुढे पोचेल अशी कुठलीच बातमी नसते. पत्र आणि ‘पत्र येतंय’ हा निरोप एकाच पोस्टमनच्या पिशवीत असावेत, तशातला हा प्रकार. ‘आज रात्री येणार’ हे नासाला कळणार नाही आणि दुसऱ्या कुणालाही कळणार नाही. यातलं ‘आगाऊ’ म्हणावं असं एक ठळक उदाहरण आहे. 17 ऑगस्ट 2017 रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी (अवकाशातच उठणारे तरंग) गॅमा किरणांच्या 1.7 सेकंद आधी पृथ्वीवर पोचल्या. तेही नोंदी तपासल्यावर, नंतर समजलं.

मग अवकाशातल्या दुर्बिणी करतात काय? त्या वाट बघतात. फर्मी ही दुर्बीण 2008 पासून पृथ्वीभोवती फिरते आहे. तिच्यावर वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवलेले बारा सोडियम आयोडाइडचे आणि दोन बिस्मथ जर्मनेटचे शोधक, म्हणजे किरण टिपणारी उपकरणं, आहेत. त्यांच्यातली मोजणी अचानक उसळली की यंत्रणा स्फोटाची नोंद करते. कुठल्या शोधकात किती किरण पडले याच्या तुलनेवरून दिशा ठरते, पण ती ढोबळच, चुकली तर कित्येक अंशांनी चुकते. 2004 साली सोडलेल्या स्विफ्टचं काम जास्त नेमकं. तिच्या रुंद शोधकावर शिशाच्या हजारो बारीक तुकड्यांची जाळी आहे. किरण आले की जाळीची सावली खालच्या शोधकांवर पडते आणि त्या सावलीवरून काही सेकंदांत जागा काढली जाते. मग अख्खी दुर्बीण स्वतःहून तिकडे वळते आणि साधारण दीड मिनिटाच्या आत क्ष-किरण व दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणी मागे उरलेली प्रभा बघू लागतात. ही धावपळ असते ती प्रभा तासागणिक मंदावते म्हणून.

आता 9 ऑक्टोबर 2022 ची गोष्ट बघा. आजवर नोंदलेला सगळ्यात तेजस्वी गॅमा किरण स्फोट त्या दिवशी आला. त्याचं नाव जीआरबी 221009ए. इतका तेजस्वी स्फोट दहा हजार वर्षांतून एखादा येत असावा असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. जागतिक वेळेनुसार 13:17 वाजता फर्मीने तो टिपला आणि तिचे शोधक अक्षरशः भरून वाहिले. स्विफ्टला मात्र त्या क्षणी आकाशाचा तो भाग दिसत नव्हता. जवळजवळ तासाभराने, 14:10 ला, तिला तिथे एक झगमगती गोष्ट दिसली. ती आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ होती, म्हणून आपल्याच आकाशगंगेतला नवा स्रोत समजून तसं नाव देऊन पहिलं पत्रक निघालं. फर्मीची नोंद आणि ही झगमग एकाच स्फोटाची आहेत हे मागाहून जुळलं. पुढे चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपने वर्णपट घेतला तेव्हा स्फोटाचा प्रकाश सुमारे 190 कोटी वर्षं प्रवास करून आलाय हे कळलं. माणसाने पाहिलेला सगळ्यात मोठा स्फोट होऊन गेल्यावरसुद्धा तो काय आहे हे कळायला तास लागले. आणि मेसेज लिहिणाऱ्याला सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ आदल्या दिवशी ठाऊक होती, यावर आपण विश्वास ठेवायचा?

शिवाय हे स्फोट सहसा तीन तास चालत नाहीत. बहुतेक काही सेकंद ते काही मिनिटांत आटोपतात आणि आखूड प्रकारातले तर दोन सेकंदही टिकत नाहीत. आणि ते दुर्मीळही नाहीत. एकटी फर्मी वर्षाला सुमारे 240 स्फोट टिपते, म्हणजे साधारण दर दीड दिवसाला एक.

आता स्कॅन. या मुद्द्यावर मला राग आवरत नाही.

आपल्या डोक्यावरची हवा वजनाने सुमारे दहा मीटर खोल पाण्याएवढी आहे. स्फोटातून आलेले गॅमा किरण त्या थरात वरच्या वरच शोषले जातात, जमिनीपर्यंत थेट येत नाहीत. जमिनीवरून दिसत नाहीत म्हणूनच तर दुर्बिणी अवकाशात पाठवाव्या लागल्या. चीनमधल्या डोंगरावरच्या ल्हासो या वेधशाळेने 2022 च्या स्फोटाच्या खुणा जमिनीवरून टिपल्या हे खरं. पण त्या अतिप्रचंड ऊर्जेच्या किरणांनी हवेत उडवलेल्या दुय्यम कणांच्या सरी होत्या, आणि त्या पकडायला चौरस किलोमीटरभर शोधक पसरावे लागले.

याहून थेट पुरावा हवा असेल तर त्याच स्फोटाची जागा बघा. तो शर तारकासमूहाच्या दिशेने आला. जागतिक वेळ 13:17 म्हणजे भारतात संध्याकाळचे 6:47. त्या मिनिटाला आकाशातला तो बिंदू भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर जवळजवळ बरोबर डोक्यावर होता, त्याचे अक्षांश-रेखांश काढून कुणीही पडताळून पाहावं. नोंदलेल्या इतिहासातला सगळ्यात तेजस्वी गॅमा किरण स्फोट महाराष्ट्राच्या माथ्यावर थेट येऊन पडला, त्या संध्याकाळी आपण सगळे इथेच होतो, कुणाच्याही अंगात काही साठलं नाही. हवेचं पांघरूण अजिबात नसतं, माणूस उघड्या अवकाशात असता, तरी त्या स्फोटातून त्याला मिळालेली किरणांची मात्रा छातीच्या एका एक्स-रेपेक्षा कमीच भरली असती.

‘शरीरात रेडिएशन साठतं’ ही कल्पनाही चुकीची आहे. गॅमा किरण शरीरातून जातात किंवा शोषले जातात, मागे शिल्लक राहून पुढच्या स्कॅनची वाट बघत बसत नाहीत. सीटी स्कॅनची स्वतःची मात्रा असते, तो विनाकारण करू नये, हे डॉक्टरही सांगतात आणि ते योग्यच आहे. पण तो हिशेब तुमच्या आजाराशी मांडायचा असतो. आकाशात काय चाललंय याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. गाठ वाढतेय का, रक्तस्राव आहे का, हे बघायला सांगितलेली तपासणी आठवडाभर लांबवणं हाच या मेसेजमधला खरा धोका आहे. ज्यांनी तारीख रद्द केली असेल त्यांनी आजच फोन करून परत मागून घ्यावी.

‘नासा लपवते’ म्हणणाऱ्यांनी जीसीएन हे नाव शोधावं. उपग्रहाने स्फोट टिपला की त्याची सूचना या जाळ्यावरून जगभर जाते, पुष्कळदा काही सेकंदांतच. पुढची निरीक्षणं पत्रकांच्या रूपात तिथेच येतात, कुणालाही वाचायला खुली. वर सांगितलेल्या स्फोटाची सगळी हकीकत तिथे क्रमाने आहे, आपल्याच आकाशगंगेतला स्रोत समजून निघालेल्या त्या पहिल्या पत्रकासकट. लपवायचंच असतं तर आपला चुकीचा अंदाज तरी कुणी उघड्यावर ठेवला असता का? तिथे एकटी नासाही नसते. युरोपीय, चिनी, रशियन उपकरणांच्या नोंदी असतात, आणि 2015 साली सोडलेल्या भारताच्या ॲस्ट्रोसॅटने टिपलेल्या शेकडो स्फोटांच्याही.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. अगदी पहिला स्फोट 2 जुलै 1967 रोजी अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी टिपला आणि तो जगाला कळायला 1973 उजाडलं. हे उपग्रह चोरून होणाऱ्या अणुचाचण्यांवर नजर ठेवायला सोडलेले होते. पण मधली वर्षं गेली ती किरण कुठून येतात हे ठरवण्यात. नंतरचे उपग्रह जास्त अचूक वेळ नोंदणारे होते, तेव्हा कुठे पृथ्वी आणि सूर्य या दोन्ही शक्यता खोडता आल्या.

मोबाईलचं एका वाक्यात संपवतो: फोन रेडिओलहरींवर चालतो, तो गॅमा किरण ओढून घेत नाही की वाढवत नाही, आणि बंद फोनचा एकच परिणाम होतो, तो म्हणजे अडीअडचणीला माणूस सापडत नाही.

‘गॅमा किरण स्फोट पृथ्वीला घातक ठरू शकतो’ हे वाक्य मेसेजमध्ये नाही, पण त्याच्या आडून बोललं जातं, आणि त्यात अर्धं सत्य आहे. 2022 च्या स्फोटाने वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरात खळबळ माजवली होती. चीन आणि इटलीच्या उपग्रहाने सुमारे 500 किलोमीटर उंचीवर ती मोजली, 2023 मध्ये त्यावर शोधनिबंधही आला. थर पूर्ववत झाला, खाली कुणाला पत्ताही लागला नाही. काही हजार प्रकाशवर्षांच्या आत एखादा स्फोट झाला आणि झोत आपल्याकडेच वळलेला असला, तर हवेतला नायट्रोजन फुटून तयार होणारी संयुगं ओझोनचा थर विरळ करतील, हेही गणिताने दिसतं. सुमारे 44 कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशामागे असंच काही असावं असा एक तर्क आहे, पण त्याला थेट पुरावा नाही. सुमारे 8,000 प्रकाशवर्षांवरच्या डब्ल्यूआर 104 या जोडताऱ्याचं नाव घेऊन घाबरवणारेही आहेत. हवाईतल्या केक दुर्बिणींच्या निरीक्षणांतून त्याच्या कक्षेचा कल आपल्या नजरेच्या रेषेपासून 30 ते 40 अंश निघाला, म्हणजे तो आपल्याकडे तोंड करून असल्याचं जे वाटत होतं त्याचा आधारच गेला.

राहता राहिली सुनामी. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपाची जागतिक वेळ 00:58. धनू तारकासमूहातल्या एसजीआर 1806-20 या मॅग्नेटारचा (प्रचंड चुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्याचा) गॅमा किरणांचा प्रचंड भडका खरोखर त्याच सुमारास आला. तो दूरच्या दीर्घिकेतला स्फोट नव्हता, आपल्याच आकाशगंगेतल्या न्यूट्रॉन ताऱ्याचा होता. तारखा जवळ आहेत, म्हणून हा दावा चिकटून राहिला. पण भडक्याची वेळ आहे 27 डिसेंबर, 21:30. भूकंपानंतर साडेचव्वेचाळीस तासांनी. लाट किनाऱ्यांवर आदळून गेली होती, माणसं ढिगाऱ्यांत आपल्यांना शोधत होती, तेव्हा ते किरण अजून वाटेतच होते. सुमात्राजवळ भारतीय भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली सरकताना शतकानुशतकं साचलेला ताण मोकळा झाला आणि समुद्राचा तळ उचलला गेला, हे त्या लाटेचं कारण आहे. तिने सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं नेली. त्यांचं मरण असं उचलून आपल्या मेसेजला वजन आणायला वापरणं मला असह्य वाटतं.